डबीतलं यंत्र
सोल्वाय व्यवस्थापन शिकून सिंगापूर, साओ पावलो करत श्रवणयंत्रांच्या कंपनीची प्रमुख होऊनच डेन्मार्कला परतली. ‘प्रत्येकाला ऐकू आलंच पाहिजे’ हे कंपनीचं ब्रीदही तिचंच. बाबांच्या वाढदिवसाला टेबलावर डॅनिश रीतीप्रमाणे छोटा झेंडा होता, क्रीमचा केक होता आणि तिनं पाठवलेलं यंत्र डबीतच होतं. बिघडलंय की टोचतंय? तिनं ते बाबांच्या कानात बसवलं. “ऐकू येतंय?” “येतंय की.” “मग घालत का नाही, बाबा?” त्यांनी केकचा तुकडा तिच्या बशीत वाढला. “दर रविवारी तुझा फोन यायचा. ‘ऐकू येतंय का, यंत्रातून शिट्टी वाजते का?’ मी सांगायचो, तू फोन ठेवायचीस. कान लावून बसायचो गं, पण पुढे तू काही बोलायचीच नाहीस.” सोल्वायनं खुर्ची जवळ ओढली. “बाबा, साओ पावलोत माझ्याकडे शिव्या देणारा पोपट होता.” बाबांनी यंत्राचा आवाज वाढवला.