अनुसयाताईंचा होकार

“अनुसयाताई, आज ‘नको’ म्हणायचं नाही. काय हवं तेवढंच सांगा,” प्रशिक्षक गोड हसून म्हणाला. शहराची उद्दिष्टं ठरवायला नगरपरिषदेने त्याला खास पुण्याहून आणलं होतं.

नगरसेविका अनुसयाताईंचा वॉर्ड गावाबाहेरच्या माळावर. कचरा डेपो तिथेच आणायचा नगराध्यक्षांचा बेत त्यांनी प्रत्येक सभेत भांडून हाणून पाडला होता. इथे रिसॉर्टच्या गार हॉलमध्ये मात्र त्यांचं बोलणं कुणी तोडत नव्हतं. त्यांना बरं वाटलं. “स्वच्छ शहर हवं,” त्या म्हणाल्या.

“वा! मग कचऱ्याला हक्काची जागाही हवी ना?”

“हवीच की.”

त्याने ते फळ्यावर लिहिलं आणि सगळ्यांना उभं करून टाळ्या वाजवायला लावल्या. अनुसयाताईही वाजवत होत्या. तेवढ्यात नगराध्यक्ष मुख्याधिकाऱ्यांना म्हणाले, “घ्या, ताईंचाही होकार आला. माळावर उद्याच खोदायला घ्या.”

अनुसयाताईंचे हात हवेतच राहिले. त्या तडक प्रशिक्षकासमोर जाऊन उभ्या राहिल्या. “तुम्हाला ठाऊक होतं?”

“मी फक्त चर्चा घडवतो, ताई. निर्णय तुमचाच,” तो माईक पुसत म्हणाला.

“हे लोक मला शिव्या देऊन गप्प करायला बघायचे, ते परवडलं. तुम्ही माझ्याच तोंडून आमच्या दारात घाण टाकलीत.”

जेवायला न थांबता त्या बाहेर पडल्या. फाटकापाशी वॉर्डातल्या शेजारणीचा फोन आला. “अडवलंत ना, ताई, नेहमीसारखं?”

“नाही गं,” त्या म्हणाल्या, “मीच हो म्हणून आले.”