काट्यावरचा कापूस

सातासमुद्रापार कापसाच्या मुलखात लढाई पेटली आणि वऱ्हाडच्या कापसाला चांदीचा भाव आला. मैनाबाईच्या नवऱ्यानं बैलांना चांदीचे घुंगरू घातले, घरखर्चाला मात्र हात आखडता घेतला. अकोल्याला निघालेल्या गाड्यांचा कापूस दारापुढच्या बाभळीला अडकायचा. तो वेचून-विकून ती मीठ-मिरची भागवायची. लेक वच्छला अकोटला दिलेली. वेचणीच्या धांदलीत दोन वर्षं माहेरी आली नव्हती. आज अकोटची गाडी मोकळा रस्ता सोडून बाभळीला घासतच गेली. “काहून रे, डोये फुटले?” मैनाबाई कडाडली. “वच्छलाबाईनंच सांगतलं, मावशी,” गाडीवान हसला. “मायच्या बाभयीले गाडी घासून नेजो म्हणे. कापूस तिनंच येचला.” मैनाबाईनं तो कापूस ओटीत घेतला, वाण्याकडे गेलीच नाही. संध्याकाळी नवऱ्यानं घास घेतला. “भाजीत मीठ काहून नाई?” “वच्छलानं येचलेला कापूस माह्याच्यानं इकवला नाई.” घास घोळवत तो म्हणाला, “वाढ अजून.”