कात्री शेवटी

"गाठ आधी, कात्री शेवटी," बाई बिनगाठीला सांगत होत्या, तेवढ्यात त्यांचा दीर आत आला आणि त्याने दाराला आतून कडी लावली.

सतरंजीवर नऊ मुलं बटण लावायला शिकत होती. बटणाला दोरा दुहेरी लागतो आणि त्याला मेण चोळावं लागतं, एवढं त्यांना जमलं होतं. सगळ्यात धाकटी, सहा वर्षांची, गाठ मारायला मात्र रोज विसरायची. चार टाके घातले की दोरा सुळकन बाहेर आणि बटण मांडीवर. मुलांनी तिचं नावच बिनगाठी ठेवलं होतं. मुलं अशा बाबतीत कुणाला सोडत नाहीत.

दोरा बाईंनी तपासल्याशिवाय कापायचा नाही, हा वर्गाचा दुसरा नियम.

"पोरांना घरी पाठवते, मग बोलू, भाऊजी."

"राहू द्या की, वहिनी. शिकतील काहीतरी."

खोली भावाची होती, भाऊ गेला, म्हणजे खोली आता आपली, असा दिराचा सरळ न्याय होता. फक्त वहिनीची सही हवी होती. त्याने कागद शिलाई मशीनवर ठेवला. बाईंनी तो न उघडताच परत केला.

तोंडाने मागून दोनदा झालं होतं. त्याने बाईंचे केस धरले आणि डोकं भिंतीवर आपटलं. मग पुन्हा आपटलं. बाई खाली पडल्या तशी पोटात लाथ घातली. दुसऱ्या लाथेने बटणांचा डबा उडाला आणि बटणं खोलीभर घरंगळली. कुणीही ती वेचायला उठलं नाही. त्याने बाईंना दंडाला धरून मशीनपाशी ओढलं, त्यांचा डावा हात सुईखाली दाबला आणि चाक फिरवलं.

सुई नखातून आरपार गेली. बाईंनी तोंडातून शब्दही काढला नाही, असं सांगायला बरं वाटलं असतं. पण त्या ओरडल्या, गुरासारख्या ओरडल्या, आणि मुलं त्यांच्याहून मोठ्याने.

"उजवा ठेवलाय सहीसाठी," दीर म्हणाला. "बघा, मला काळजी आहे तुमची."

चाक उलटं फिरवून त्याने सुई बाहेर काढली. मारून मारून तोच दमला होता. तो सतरंजीवर भिंतीला टेकून बसला, पाय लांब सोडले आणि सिगरेट पेटवली.

"ही संपेपर्यंत विचार करा. नाहीतर उजव्याचंही तेच. मग नुसता अंगठा उठवून घेईन." मुलं हुंदके देत होती. तो त्यांच्याकडे वळला. "रडू नका रे. शिवा. शिवा म्हटलं ना!"

मुलं शिवू लागली. कुणाचं बटण कुठेतरी आणि टाका कुठेतरी पडत होता. बिनगाठी दिराच्या पायाशी बसली होती. तिचं कापड मांडीवरून कधीच घसरलं होतं. ती मान खाली घालून शिवतच होती.

बाईंनी बोटाला चिंधी गुंडाळली. चिंधी भिजली, तशी दुसरी गुंडाळली.

"सही नाही करणार मी," त्या म्हणाल्या. "ही खोली गेली तर मी जाऊ कुठे? आणि या पोरांना बसवू कुठे?"

"रस्त्यावर बसवा."

त्याने सिगरेट सतरंजीवरच विझवली आणि बाईंचा उजवा हात धरायला झेप घेतली. अंग पुढे गेलं, पण पँटचा एक पाय जागचा हलला नाही. सतरंजीही हलली नाही. तिच्यावर नऊ मुलं बसली होती. तो तोंडावर आदळला तो थेट मशीनच्या लोखंडी पायडलवर. दोन दात पडले. हात अंगाखाली सापडला, आणि हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

त्याने पाय ओढून पाहिला. प्रत्येक हिसक्यासरशी मोडलेला हात हलत होता आणि तो किंचाळत होता. शेवटी त्याने ओढणं सोडून दिलं.

बाई भिंतीच्या आधाराने उठल्या. त्यांनी उजव्या हातात मोठी कात्री घेतली.

"कडी काढ आणि समोरच्या सुतारकाकांना घेऊन ये," त्या थोरल्या मुलीला म्हणाल्या. ती पळाली.

मग बाई दिराच्या पायाशी बसल्या. पँटची कड सतरंजीला शिवलेली होती. सात-आठ टाके, सगळे वाकडे.

"कुणाचं काम हे?"

"माझं," बिनगाठी म्हणाली. ती अजून रडत होती. "बाई, गाठ मारलीय."

"वहिनी, कापा ना," दीर रक्ताच्या तोंडाने म्हणाला. "पाया पडतो. कापा."

बाईंनी मुलांकडे पाहिलं.

"दोरा कधी कापायचा?"

"तपासल्यावर," आठ मुलं रडत रडत म्हणाली.

बाईंनी कात्री मांडीवर ठेवली आणि चिंधी गुंडाळलेलं बोट पहिल्या टाक्यावर टेकवलं.