बरोबर उत्तर

भूकंपात माळवद डोक्यावर कोसळलं, तेव्हापासून लक्ष्मीबाईंना फिट यायच्या आणि नवं काही डोक्यात राहायचं नाही. मेंदूच्या इजांवर संशोधन करणाऱ्या डॉ. मनस्विनी दरवर्षी नांदेडहून त्यांची स्मरणशक्ती तपासायला यायच्या.

"लेकरं कुठं आहेत, लक्ष्मीबाई?"

"लातूरला हायत, शिकवणीला," नवरा रामलिंग घाईनं मध्येच बोलला. गावातली निम्मी लेकरं तिथंच होती, त्यामुळं ते खपूनही जायचं.

"चाचणीत मध्ये बोलू नका," मनस्विनींनी त्याला दटावलं आणि बरोबर उत्तर सांगितलं. "लेकरं भूकंपात गेली."

लक्ष्मीबाईंनी हंबरडा फोडला. तासाभरानं पुन्हा विचारलं, तर त्यांना काहीच आठवेना. मागे काही उरत नाही, हा आपला निष्कर्ष याही वर्षी खरा ठरला म्हणून मनस्विनी खुशीत निघाल्या. स्टँडवर लक्षात आलं, चष्मा तिथंच विसरलाय.

त्या परतल्या तेव्हा लक्ष्मीबाई उंबऱ्यावर बसल्या होत्या. डोळ्यांचं पाणी अजून खळलं नव्हतं. रामलिंगनं चष्मा पुढं केला. त्याच्याकडं बघायची मनस्विनींना लाज वाटली.

लक्ष्मीबाईंनी मात्र अनोळखी पाहुणीकडं बघावं तसं त्यांच्याकडं पाहिलं.

"बाई, मी कवाची रडायलेय. काय झालंय, तुम्हाला ठावं हाय का?"