अंगठ्याचा खळगा

मास्तर बनवत असलेल्या फोमच्या छोट्या जेट विमानाचा डावा पंख चिकटताना त्यांच्या बायकोने तो धरून ठेवला होता. तिच्या अंगठ्याचा खळगा फोममध्ये उमटला, तसे मास्तर खेकसले, "हात आहेत की हातोडे? पुन्हा शिवू नकोस!"

"राहिलं बाई," ती म्हणाली. पुन्हा त्या खोलीत फिरकली नाही. वर्षभरात गेलीच.

आता अर्धं राहिलेलं विमान पुरं करताना मास्तरांनी वाफ देऊन खळगा फुगवला, वर रंग मारला. सकाळी खळगा जिथल्या तिथे. पुन्हा वाफ, पुन्हा रंग, पुन्हा खळगा.

शेवटी उजवा पंख चिकटवताना ते म्हणाले, "चुकलं गं माझं. जरा धरतेस?"

त्यांनी हात काढून घेतले. गोंद ओलाच होता, तरी पंख पडला नाही.

उजव्या पंखाचा कोरा फोम, अंगठ्याएवढाच, हळूहळू दबू लागला.