वहीत नाव

वेंडेलिन हा तात्रा पर्वतातल्या एका उंचावरच्या खानावळीचा हमाल. सत्तर किलोचं ओझं पाठीवर घेऊन तो चढत होता, तेवढ्यात मागून ब्रातिस्लाव्हाचा एक धावपटू आला. वजन वाचवायला त्याने जाकीट घरी ठेवलं होतं आणि बुटांच्या नाड्यांची टोकंही कापली होती. हे त्याने न विचारता सांगितलं.

"सरका काका, अख्खी धार विक्रमी वेळात पळायचीय. ओझी काय, गाढवंही वाहतात."

"वाहतात ना. पण गाढव संध्याकाळी स्वतःच्या पायांनी घरी येतं."

"दालिबोर नाव माझं. आज तुमच्या खानावळीच्या विक्रमांच्या वहीत लागणार."

"लागेल की," वेंडेलिन म्हणाला.

दुपारी गारा पडल्या. पाय मुरगळून धारेवर कुडकुडत बसलेल्या दालिबोरला माल पोचवून उतरणाऱ्या वेंडेलिनने पाठीवरच्या लाकडी चौकटीला बांधलं आणि खाली आणलं. पायथ्याला हमालांची प्रत्येक खेप काट्यावर तोलून वहीत लिहायची पद्धत आहे. वहीत रकाने दोनच: 'वर नेलेला माल' आणि 'खाली आणलेला कचरा'.



वेंडेलिनने दुसऱ्या रकान्यात सावकाश लिहिलं, 'दालिबोर, अडुसष्ट किलो.'