आरशातलं कुटुंब

"एकटेच शिकागोला निघालात, हरवाल हं बाबा," मुलीने फोनवर चिडवलं होतं. "सापडलात की फोटो पाठवा."

बागेतल्या त्या प्रचंड, फुगीर पोलादी आरशासमोर दुपारची गर्दी होती. एवढ्या माणसांत स्वतःला शोधायला जो तो हात वर करत होता. वेंडेलनेही केला. आरशात त्याच्या जागी नुसती फरशी दिसत होती.

"जरा लांबून बघा काका, आरसा वाकडा आहे," शेजारी उभी असलेली बाई हसून म्हणाली आणि नवऱ्याला, दोन्ही मुलींना जवळ ओढून सेल्फी घेऊ लागली.

वेंडेल दहा पावलं मागे सरकला. मग त्याला स्वतःचा चौकड्यांचा शर्ट दिसला. आरशात तो त्या कुटुंबाच्या मधोमध, धाकटीच्या खांद्यावर हात ठेवून उभा होता. त्याने फोटो काढला आणि मुलीला पाठवला.

लगेच उत्तर आलं. "कोण हो ही माणसं? आई गेल्यापासून पहिल्यांदाच हसताय, बाबा!"

त्याने मान वर केली. ते कुटुंब निघालं होतं. आरशात धाकटीचा हात धरून तोही त्यांच्याबरोबर चालला होता.

वेंडेलने हात वर केला, जोरजोरात हलवला. आरशातल्या त्याने मागे वळूनही पाहिलं नाही.